आठ फडकी

निळ्या टबात तेवीस वस्तू होत्या. काळं प्लास्टिक, दोन मीटर लांब, एक. दाढीची पाती दोन. दोऱ्याचं रीळ एक. साबणाची अर्धी वडी. मेणबत्त्या दोन, पेला एक, मिठाची पुडी एक. बाळाचं टोपडं आणि पांघरूण. नवी चितेंजे दोन, कमरेला गुंडाळून गुंडाळून विटलेली दोन. आणि आठ फडकी.

फडकी आईने तिच्या सगळ्यात जुन्या चितेंजेची केली होती. पिवळ्यावर निळे मासे छापलेलं ते कापड होतं. तिने ते दाराशी बसून कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजलं, दातांनी कड तोडली आणि टराटरा फाडलं. आठव्या फडक्यावरच्या माशाला डोकं उरलं नाही.

"एवढी पुरतील?" मी विचारलं.

"तुझ्या वेळी चार होती," आई म्हणाली. "तरी तू जगलीस. वर बोलायला थांबत नाहीस."

एनेलेसीताई ओट्यावर पाय पसरून बसली होती. तिच्या घोट्यांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. त्या दिवशी सकाळी तिने दुसऱ्याच्या मक्याच्या सहा वरंब्यांना भर लावली होती. जानेवारीत आमच्या कणग्या रिकाम्या असतात, आणि सहा वरंब्यांना एक डबा पीठ मिळतं. वाकता येईना म्हणून ती गुडघ्यांवर बसून कुदळ ओढत होती. मी शेजारच्या ओळीत होते. झोंब्याच्या कॉलेजातून जीवशास्त्राची पदवी घेऊन मी आठ महिन्यांपूर्वी घरी आले होते, आणि तेव्हापासून माझ्याही हातात कुदळच होती.

दवाखान्याने दिलेली यादी मीच वाचून दाखवली होती. तिची शेवटची ओळ अशी: जुनी सुती फडकी, पुरेशी. पुरेशी म्हणजे किती, ते लिहिलेलं नव्हतं.

दवाखाना चौदा किलोमीटरवर. सोमवारी भाड्याच्या सायकलीच्या कॅरियरवर ताईला बसवून नेलं. टब आईच्या डोक्यावर होता, पिठाची पिशवी माझ्या. रात्र आम्ही सोबतिणींच्या शेडमध्ये काढली. बाळंतिणीबरोबर आलेल्या बायकांसाठी पत्र्याची ही लांबलचक शेड आहे. तिच्या एका टोकाला चुली. चुलींपासून अकरा पावलांवर कपडे धुवायचा कट्टा. मी पावलं मोजली, कारण मला तिथे न्सिमा खाववेना. कट्ट्याची मोरी तुंबलेली होती. सगळ्या बायकांचं धुणं एका उथळ तळ्यात साचलं होतं, वर तपकिरी साय धरली होती आणि सायीवर माश्या बसल्या होत्या. मक्याच्या गोळ्याचा घास तोंडाशी नेला की एक माशी तळ्यावरून उठून थेट घासावर यायची.

"नाक काय मुरडतेस," शेजारच्या चुलीवरची नाबांडा म्हणाली. जाडजूड, हसरी बाई. सुनेसाठी आली होती आणि शेडमध्ये नववा दिवस काढत होती. "तूही असल्यातूनच आलीस. कॉलेजातून नाही."

आई हसली. मीही हसले, आणि घास खाली ठेवला.

मंगळवारी सकाळी ताईच्या कळा वाढल्या. प्रसूतीच्या खोलीच्या दारात सिस्टर कुम्वेंडा उभी होती. पन्नाशीची, सडपातळ, पायात पुरुषांच्या रबरी चपला. तिने टबातल्या वस्तू एक एक करून वर काढल्या.

"प्लास्टिक आहे. पाती आहेत. फडकी आठच?"

"धुऊन वापरीन, सिस्टर," आई म्हणाली.

"पावसाळा आहे. वाळवणार कुठे?"

"वाळवीन."

आमच्या मागे एक पोर उभी होती, सोळा-सतराची असेल. तिच्याकडे प्लास्टिकच नव्हतं. सिस्टरने तिच्या आईला बाजारातून आणायला पाठवलं. ती येईपर्यंत पोर भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आत खाटेला रबराची गादी होती, पण गादीला रक्त लागलेलं चालत नव्हतं. पोरीच्या मांड्यांवरून पाणी ओघळत होतं. मोलकरणीने पायानेच एक पोतेरं तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "त्याच्यावर उभी राहा."

ताईचं बाळ दहा वाजून पाच मिनिटांनी आलं. मुलगी. वजनाचा काटा बाहेरच्या टेबलावर होता: वर पत्र्याचं तबक, खाली तबकडी, दहा-दहा ग्रॅमच्या रेघा. तबक गार लागू नये म्हणून सिस्टरने माझ्याकडे कापड मागितलं. मी दोन फडकी घडी करून ठेवली. काटा साठवर गेला. मग तिने बाळ ठेवलं आणि वहीत लिहिलं, दोन हजार नऊशे साठ.

"साठ वजा करा, सिस्टर," मी म्हटलं. "फडक्यांचे."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "शाळामास्तरीण का गं तू?"

"नाही."

"मग होऊ नकोस. पगार वेळेवर मिळत नाही." तिने साठ खोडून दोन हजार नऊशे लिहिलं.

बाळंतिणींच्या वॉर्डात बावीस खाटा होत्या आणि बायका एक्केचाळीस. ताईला दारालगतची खाट मिळाली, तीही अर्धी. दुसऱ्या अर्ध्यावर नाबांडाची सून होती, जखम चिघळल्यामुळे मागे राहिलेली. दोघी एकमेकींच्या पायांशी डोकं करून झोपायच्या. खाटेच्या पायथ्याशी तक्ता टांगलेला. त्यात वेळ, नाडी, ताप असे रकाने होते, आणि शेवटचा रकाना: किती पॅड भिजले. सिस्टर दर चार तासांनी येत होती.

"रक्त किती जातंय?"

"थोडंच," ताई म्हणायची.

सिस्टर फडकं बघायची. फडकं स्वच्छ असायचं. रकान्यात ती लिहायची: सामान्य.

स्वच्छ असायचं, कारण आई सिस्टरच्या आधी येऊन ते बदलायची. भिजलेलं फडकं ती पदराखाली घ्यायची, कट्ट्यावर न्यायची आणि बाकी बायकांकडे पाठ करून धुवायची. पहिलं पाणी ती मोरीत सोडत नसे. भिंतीमागे खड्डा करून त्यात ओतायची आणि वरून माती लोटायची. बाळंतपणाचं रक्त परक्याच्या नजरेला पडलं, कुणी त्याची चिमूटभर माती उचलली, तर त्या बाईची कूस बांधली जाते. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. मलाही कुणी शिकवलं नव्हतं, आणि पदवी घेतल्यावरही ते गेलं नव्हतं.

दुसरंही एक कारण होतं. ते शेडमध्ये कळलं.

"त्या तीन नंबरच्या खाटेवरचीचं ऐकलंस का?" नाबांडा भोपळ्याच्या पाल्याचे देठ सोलत आईला सांगत होती. "धार लागली होती म्हणे. उगाच लागते होय? घरातलं कुणीतरी परक्याच्या अंथरुणात गेल्याशिवाय नाही लागत. नवरा नाहीतर बायको."

"देव जाणे," आई म्हणाली.

"तुमचे जावई कुठे असतात?"

"चहाच्या मळ्यावर."

"केव्हापासून?"

"सात महिने झाले."

नाबांडाने एक देठ सोलला. "मग ते तरी काही करणार नाहीत बिचारे. इतक्या लांबून."

 त्यानंतर आई धुवायला जाताना फडकं पदराखाली नाही, तर काखेत दाबून न्यायला लागली.

मंगळवारी संध्याकाळी सिस्टर कुम्वेंडाने वॉर्डाच्या मधोमध उभं राहून ताईचं फडकं चिमटीत वर धरलं. माशाला डोकं नसलेलं. "हे बघा," ती सगळ्या सोबतिणींना म्हणाली. "आठ फडक्यांत भागवतेय ही बाई, आणि एकाला डाग नाही. शिका जरा." आईने मान खाली घातली. तिला बरं वाटलं होतं, हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

बुधवारी सकाळपासून पाऊस. कट्ट्यावरच्या दोरीला टांगलेलं काही वाळेना. फडकी दमट अवस्थेतच परत वापरात येत होती, त्यांना साबणाखालून आंबूस वास येत होता. मी एक हातात घेतलं आणि नाकापासून लांब धरलं. आईने ते माझ्याकडून काढून घेतलं.

"बहिणीचंच आहे," ती म्हणाली.

"वास येतोय, आई."

"तुलाही येतो. आम्ही बोलतो का?"

मी मोजायला लागले ते तिथून. फडकी आठच, पण त्यांच्या फेऱ्या किती? मासे वेगवेगळे फाटलेले असल्यामुळे प्रत्येक फडकं ओळखू येत होतं. शेपटीचं, दोन डोळ्यांचं, नुसत्या पिवळ्याचं, बिनडोक्याचं. मी शेडच्या खांबावर कोळशाने रेघा ओढल्या. सकाळी सहा ते दहा, नऊ. दहा ते दोन, चौदा. तक्त्यात दोन्ही वेळा एकच शब्द होता.

दोन वाजता मी ताईपाशी गेले. तिच्या पापणीची आतली बाजू बघितली. कागदासारखी होती. ओठ आणि कपाळ एकाच रंगाचे झाले होते. बाळ तिच्या छातीशी चुटूचुटू करत होतं आणि तिचा हात ते धरून ठेवत नव्हता, नुसता त्याच्यावर पडला होता.

"ताई, सिस्टरला खरं सांग."

"काय सांगू?" तिचा आवाज दुरून आल्यासारखा. "नाबांडाची सून इथे पायाशी झोपलीय. कान उघडे ठेवून."

"सांगायला हवं."

"वायसनला कळलं तर तो काय म्हणेल? अगं तियान्जाने, सात महिने नवरा घरी नाही. मी एकटी होते. एकटीच होते गं."

मी सिस्टरला शोधायला गेले. ती व्हरांड्याच्या पलीकडे, पैसे भरणाऱ्या बाईमाणसांच्या वॉर्डात होती. तिथे सहा खाटा, तीन बायका. प्रत्येकीच्या कपाटावर पॅडचं पाकीट होतं आणि खाटेखाली झाकणाची बादली. तिथली नर्स बादलीचं झाकण उघडून बोटाने मोजत होती. दोन, तीन. तिने तक्त्यात लिहिलं, तीन.

"सिस्टर, आमच्या बाजूला हे का देत नाहीत?"

"इथे ते बिलात असतं."

"पण रकाना तर तिकडेही आहे."

"छापखाना एकच आहे," कुम्वेंडा म्हणाली. ती दमलेली होती, चेष्टा करत नव्हती. "हे बघ, पोरी. तिकडे द्यायला लागलो तर रोज एक्केचाळीस जणींना द्यावं लागेल. मग पुढच्या महिन्यात नाही म्हटलं की भांडणं. कापड काय, प्रत्येकीच्या घरी असतंच. मी तीन पोरं जन्माला घातली, फडक्यांवरच."

"माझी बहीण पांढरी पडलीय."

"तुझ्या बहिणीचं फडकं मी आत्ताच, दोनच्या फेरीला बघितलं. तुझ्या आईसारखी स्वच्छ सोबतीण या वॉर्डात नाही." ती पुढच्या खाटेकडे वळली. "दुसऱ्या बाईचे टाके आधी बघते, मग येते."

मी परतले. आई न्सिमा घोटायला शेडमध्ये निघाली होती. तिने मला टब दिला. "बदललेलं यात टाक आणि लगेच धू. खड्ड्यात ओत, मोरीत नको."

मी हो म्हटलं. सव्वादोनला पहिलं बदललं. ते टबात ठेवलं आणि काळ्या प्लास्टिकने झाकलं. धुतलं नाही. दोन चाळीसला दुसरं. तीनच्या आत तिसरं, त्याच्याबरोबर मुठीएवढी काळपट गाठ. माझी बोटं चिकटली. तो वास नाकात नव्हता, घशात होता.  नाबांडाची सून डोळे मिटून पडली होती, पण तिच्या पापण्या हलत होत्या. सव्वातीनला चौथं. टब उचलला तेव्हा तळाशी काहीतरी हिंदकळलं.

आई दारातच भेटली. "धुतलीस?"

"नाही."

तिने प्लास्टिकचं टोक उचललं आणि सोडलं. "वेडी आहेस का तू? हे घेऊन कुठे चाललीस?"

"सिस्टरकडे."

"दे इकडे."

"नाही देत."

तिने टबाची कड धरली. मी दुसरी. आम्ही दोघी व्हरांड्यात टब ओढत उभ्या होतो. प्लास्टिक सरकलं, आणि चुलीकडून भांडं घेऊन येणारी नाबांडा थबकली. तिने आत बघितलं. मग आईकडे बघितलं.

"अगंबाई," ती हळूच म्हणाली.

आईचा हात सुटला. मी चालू लागले.

कुम्वेंडा काट्याच्या टेबलाशी वही भरत होती. "हे काय घाण आणलंस? कट्टा तिकडे आहे."

"वजन करायचंय."

"इथे लेकरं ठेवतात."

मी प्लास्टिक तबकावर पसरलं. काटा सत्तरवर थांबला. मग टब त्याच्यावर पालथा केला, चारही फडकी आणि जे काही होतं ते सगळं. प्लास्टिकच्या कडा मी हातांनी उचलून धरल्या. माशी आली. काटा हलला, मागे आला, ठरला.

"सातशे नव्वद," मी म्हटलं. "प्लास्टिकचे सत्तर गेले. सातशे वीस. सव्वादोन ते सव्वातीन, एका तासाचं."

"फडकी पाण्यात भिजलेली होती," कुम्वेंडा म्हणाली. तिने पेन खाली ठेवलं नव्हतं. "पावसाचं पाणी धरलंस यात."

तिचं म्हणणं बरोबर होतं. कोरडं एक फडकं तीस ग्रॅम, ते मला माहीत होतं. पिळून घेतलेलं दमट किती, ते माहीत नव्हतं. "एक नुसतं पिळलेलं हवं," मी म्हटलं. "तुलना करायला."

माझ्या मागे आई आली होती.  तिने कमरेचं चितेंजे सैल केलं आणि आत हात घातला. पोटाला लपेटून तिने एक फडकं ठेवलं होतं, स्वतःच्या अंगाच्या उबेवर वाळवायला. बिनडोक्या माशाचं. पोटावर त्याच्या कडेचा वळ उठला होता. अशी किती वाळवली होती तिने, दोन दिवसांत, ते मला माहीत नाही. तिने ते सिस्टरच्या हातात दिलं नाही. मी प्लास्टिक फडक्यांसकट परत टबात उतरवलं, आणि तिने स्वतः तबकावर ठेवलं.

"हे आत्ताच पिळलंय," ती म्हणाली. "अजून तापायचं होतं."

पन्नास.

"चार पन्नास दोनशे," मी म्हटलं. "पाचशे वीस राहिले."

कुम्वेंडाने वहीत काही लिहिलं नाही. ती उठली, ताईच्या खाटेपर्यंत चालत गेली, ताईच्या पोटावर हात ठेवला, दाबला, आणि परतताना चालत नव्हती. तिच्या रबरी चपला फरशीवर फटफट वाजत होत्या. मोठा डॉक्टर नव्हता. धाकटा आला, कोपरापर्यंत लांब हातमोजे शोधण्यात सात मिनिटं गेली. वारेचा अंगठ्याएवढा तुकडा आत राहिला होता. तो निघाला तेव्हा ताई ओरडलीसुद्धा नाही. नाबांडाची सून खाटेच्या कडेला बसून तिचे पाय धरून होती, कुणी सांगितल्याशिवाय. रक्ताची एक पिशवी माझी चालली, दुसरी मळ्यावरून आलेल्या कुणा अनोळखी बाप्याची.

दिवस मावळताना कुम्वेंडा पैसे भरणाऱ्यांच्या वॉर्डातून पॅडचं एक पाकीट घेऊन आली. दहा होते. तिने ते ताईच्या उशाशी ठेवलं.

"उसनं आणलंय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "भरून द्यायला लागेल. कुठून, ते मी बघते." मग तक्ता उचलला. तिथे दोन दिवसांच्या रकान्यांत सात वेळा एकच शब्द होता. तिने पेन टेकवलं, पण खोडलं नाही. खोडलेलं वरच्यांना दिसलं असतं.

आई फडकी जाळायला तयार नव्हती. तिने ती आठही धुतली, पहिलं पाणी खड्ड्यात, आणि शेडच्या आतल्या दोरीला टांगली, नाबांडाच्या चुलीच्या वर. नाबांडाने चूल जरा मोठी केली. 

गुरुवारी सकाळी पाऊस उघडला होता. सात वाजता आई वॉर्डातून बाहेर आली. तिच्या हातात निळा टब होता, वर प्लास्टिक नव्हतं, पदर नव्हता. व्हरांड्यात बायका दात घासत होत्या.

"काय आहे त्यात?" कुणीतरी विचारलं.

"बघ की," आई म्हणाली, आणि चालत राहिली.

काट्याशी सिस्टर कुम्वेंडा होती. तिने कालचंच प्लास्टिक पसरलं, सत्तर वजा केले, आणि पेन घेऊन थांबली. आईने पॅड ठेवलं. मी वाचलं.

सकाळी सहा ते सात. पॅड एक. कोरडं, दहा ग्रॅम. काढलेलं, तीस. फरक, वीस.